अर्ध्या कॉइलचा पाहुणचार

गॅस संपला तेव्हा देविदास दाढी करत होता, आणि त्याचे सासरे वारंगा फाट्यावरून जीपमध्ये बसले होते. या दोन्ही बातम्या रीताने एकाच दमात दिल्या.

"आवो, सिलेंडर गेलं. आन् बा निघाले."

देविदासने अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून विचारलं, "मटण?"

"कच्चंच हाय. नुसती हळद लावून ठिवली."

दुसऱ्या कुठल्या दिवशी गॅस संपला असता तर देविदासने राहिलेला गाल शांतपणे उरकला असता. पण सासरे नेमसिंग येणार ही गोष्ट साधी नव्हती. लग्नाला चार वर्षं झाली, तरी या माणसाने लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. रीता माहेरी जायची, पोटभर राहायची, निघताना म्हणायची, "बा, एकदा या की." नेमसिंग डोक्याला रुमाल गुंडाळत म्हणायचे, "बघू." आणि परवा अचानक त्यांचाच फोन आला. "रविवारी येतो. तुझी याडीबी येऊन राहिली. मास्तरला घरीच राहा म्हनावं." एवढं बोलून ठेवून दिला. आई-बाप दोघं येणार म्हणून रीता त्या दिवसापासून जमिनीवर नव्हती. तिने पडदे धुतले, पंख्याची पाती पुसली, आणि बैठकीतली खाट दोनदा इकडून तिकडे केली.

नेमसिंगांचा राग काय होता ते सांगायला हवं. लग्न त्यांच्याच तांड्यावर होतं. देविदास नवरा मुलगा. पण पुसेगावच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवणारा माणूस बाशिंग बांधून गप्प बसेल तर शपथ! मंडपवाला वायर टाकत होता, तेव्हा हा हळदीच्या अंगाने उठला, दिवे मोजले, डीजेच्या पेटीमागचा आकडा वाचला, आणि सगळ्या व्याह्यांसमोर निकाल दिला, "बराबर आहे. वायर घेते एवढा लोड. बिनधास्त लावा." आणि ऐन टाळीला मंडप गपकन अंधारात गेला. वायर जळाल्याचा वास सुटला. शेवटी दोन ट्रॅक्टर समोरासमोर उभे करून त्यांच्या दिव्यांत लग्न लागलं. नेमसिंग म्हणजे आयुष्यभर तांड्यात ताठ मानेने मिरवलेला माणूस; त्यांना त्यानंतर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा कोणी ना कोणी विचारायचंच, "काय नेमसिंगभाऊ, डिझेल किती लागलं लग्नाला?"

म्हणून आज मटण शिजणं फार गरजेचं होतं.

"सेवाभाऊच्या चुलीवर टाकते," रीता म्हणाली. सेवा म्हणजे शेजारी, आणि त्याची चूल म्हणजे हाकेच्या अंतरावर.

"अजिबात नाही!" देविदास म्हणाला. "चार वर्षांनी सासरा येतो आणि मास्तरच्या घरचं कालवण शेजारच्या चुलीवर? उद्या फाट्यावर हेच सांगतील."

घरची चूल कधीचीच गेली होती. स्लॅबचं घर बांधलं तेव्हा देविदासनेच ती फोडली होती, वर धुराने फुप्फुसांचं काय होतं यावर बापाला भरपूर शिकवलं होतं. आता त्याला माळ्यावरची विजेची शेगडी आठवली. शाळेतल्या सहकाऱ्यांनी लग्नात दिलेली. वेटोळ्याची कॉइल, वर दोन हजार वॅटचा शिक्का. पण तिला लागणारा मोठा प्लग घरात एकच होता, तोही बैठकीत, कूलरसाठी बसवलेला. मग शेगडी बैठकीच्या कोपऱ्यात मांडली, तिच्यापुढे दोरी बांधून रीताची जुनी साडी सोडली, आणि कुकरमध्ये तांब्याभर पाणी घालून पाहिलं.

कॉइल तापली, पण लाल व्हायला लाजत होती. बराच वेळ गेला. रीताने कुकरला हात लावून पाहिला आणि हात तसाच ठेवून उभी राहिली.

"यात लेकरू न्हाऊन निघंल," ती म्हणाली. "मटन न्हाई शिजायचं."

"व्होल्टेज नाही ना," देविदास म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत ती चमक आली जी रीताने मंडपात पाहिली होती.

व्होल्टेज नव्हतं हे खरं होतं. देविदासच्या तांड्यातली घरं आणि शेतातल्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. दिवस गव्हा-हरभऱ्याचे. सकाळी थ्री फेज आली की शिवारभर मोटारी सुरू व्हायच्या, आणि घरातला पंखा पाहुण्यासारखा आळस देत फिरायचा. देविदासने शाळेतून दुरुस्तीला आणलेले दोन मीटर काढले. एक प्लगला लावला, एक वायरीत जोडला, आणि वर्गात सांगतो तसं खणखणीत सांगू लागला.

"व्होल्टेज एकशे चाळीस. करंट पाच पॉइंट तीन. आता भागाकार केला तर काय येतं?"

"मटन खराब हून राहिलं," रीता म्हणाली.

"रेझिस्टन्स येतो. सव्वीस ओहमच्या जरा वर. आणि गुणाकार केला की पॉवर. एकशे चाळीस गुणिले पाच पॉइंट तीन, साडेसातशेलासुद्धा कमी. म्हणजे दोन हजारांची शेगडी आपल्याला धड साडेसातशे वॅटसुद्धा देत नाही!"

"मंग तिला दोन हजार द्यायला सांगा."

"तेच करतोय. व्होल्टेज आपल्या हातात नाही, पण रेझिस्टन्स आहे. कॉइल अर्धी केली की रेझिस्टन्स अर्धा. रेझिस्टन्स अर्धा, की करंट दुप्पट. करंट दुप्पट, की पॉवर दुप्पट. पंधराशे वॅट! प्लग सोळा अँपिअरचा, करंट साडेदहाच. सगळं बराबर आहे."

'बराबर' हा शब्द ऐकला आणि रीताने एकदा कॉइलकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं. मटणाचं पातेलं उचललं, "भाकरी भाजायच्या हायत, सेवाभाऊकडं जाऊन येते," म्हणाली आणि निघून गेली. भाकरीला देविदासची हरकत नव्हती. भाकरी शेजारी भाजल्याने कोणाची इज्जत जात नाही.

पकडीने कॉइल बरोबर मधून कापली. उरलेली अर्धी ओढून-ताणून शेगडीच्या खाचांत बसवली. बटण दाबलं, आणि ती बघता बघता अशी लालबुंद झाली की देविदास एकटाच टाळ्या वाजवू लागला. तांब्याभर पाणी उकळलं. मीटरवर करंट साडेदहा. अगदी सांगितला तेवढाच. रीता परत आली तेव्हा त्याने तिला मीटर दाखवला, कॉइल दाखवली, आणि मग उरलेली दाढीसुद्धा केली. दोघांनी मिळून कुकर चढवला. थोड्याच वेळात पहिली शिट्टी झाली. इतकी सभ्य, इतकी वेळेवर शिट्टी त्या घराने गॅसवरसुद्धा ऐकली नव्हती.

"कशी?" देविदासने विचारलं.

"झाली बाई," रीता म्हणाली. मनापासून म्हणाली. तिलाही आता वाटायला लागलं होतं की आज सगळं नीट होणार.

जीप आली. नेमसिंग पांढरंशुभ्र धोतर, त्यावर पांढरा सदरा आणि डोक्याला गुलाबी रुमाल बांधून उतरले. मागून सासूबाई, रूपाबाई, हिंगोलीत घेतलेल्या नव्या बांगड्या वाजवत. लेकीला पाहून त्या तिथेच अंगणात रडायला लागल्या, रीतानेही त्यांना साथ दिली. नेमसिंगांनी खाकरून घराच्या स्लॅबकडे पाहिलं.

"बांधकाम चांगलं हाय," ते स्लॅबला म्हणाले.

बैठकीत खाटेवर गादी घातलेली होती. नेमसिंग बसले. रीताने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, खाली ठेवला, प्यायले मात्र नाहीत. रीताचा चेहरा उतरला. रूपाबाईंनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मायलेकी आत गेल्या. कोपऱ्यात साडीमागे कुकरने एक शिट्टी दिली.

"तिकडं काय हाय?" नेमसिंगांनी विचारलं.

"स्वयंपाक," देविदास म्हणाला.

"बैठकीत?"

"प्लग इथं आहे ना."

नेमसिंग 'हं' म्हणाले. त्या 'हं'मध्ये डीजे, वायर आणि दोन्ही ट्रॅक्टर होते.

तेवढ्यात देविदासचे वडील आले. फुलसिंग तांड्याचे नाईक. त्यांचा शब्द तांड्यात अजून चालायचा आणि तो चालवायला त्यांना कारण लागायचं. व्याह्यांना मिठी मारून झाली, तकलीफ झाली का म्हणून विचारून झालं. मग ते लेकाजवळ टेकले आणि त्याच्या कानात कुजबुजले. चेहरा नुसता फुलला होता.

"देव्या, व्याही आले म्हनून समद्या शिवारातल्या मोटारी बंद करायला लावल्या. एकूण एक. पाहुण्याला वारा लागला पाह्यजे. बघ, पंखा कसा पळून राहिला!"

देविदासने वर पाहिलं. पंखा पळत होता. सकाळी ज्याची तीन पाती मोजता येत होती, त्याचा आता नुसता गोल दिसत होता. कोनाड्यातला बल्ब दिवसाढवळ्या डोळ्यांत जात होता. गावकऱ्यांच्या मायेने व्होल्टेज दोनशे चाळीसला जाऊन पोहोचलं होतं.

आणि देविदासच्या डोक्यात, नको असताना, गणित सुरू झालं. रेझिस्टन्स तेरा. दोनशे चाळीस भागिले तेरा, अठरा अँपिअर. अठरा गुणिले दोनशे चाळीस. चार हजार तीनशे वॅट. प्लग सोळाचा. घरच्या फ्यूजचा आधार नव्हता, कारण तो सारखा उडतो म्हणून फुलसिंगांनी गेल्याच महिन्यात त्यात बोटाएवढी जाड तार घातली होती. कुकरने शिट्टी दिली. ती संपायच्या आत दुसरी दिली. साडीच्या आडून जो उजेड येत होता तो आता लाल नव्हता, पिवळा होता.

देविदास उठायला लागला.

"बसा, जावाईबापू," नेमसिंग म्हणाले.

तो उभ्याउभ्या थिजला. चार वर्षांत या माणसाने त्याला 'मास्तर'शिवाय काही म्हटलं नव्हतं. जावाईबापू! आतल्या दारात रीता उभी होती, तिने ते ऐकलं, आणि तिचे डोळे भरून आले. देविदास बसला.

"मला बोलायचं हाय. लई दिसांपासून बोलायचं व्हतं," नेमसिंगांनी रुमाल काढून मांडीवर ठेवला. "चार वर्सं झाली. मानूस मनात धरून बसतो..."

शिट्टी. शिट्टी. शिट्टी.

देविदासने रीताला डोळ्याने कोपरा दाखवला. तिने मान डोलवली आणि सुपारीचा डबा आणून ठेवला. त्याने हाताने बटण दाबल्याची खूण केली. तिने पंख्याकडे पाहिलं आणि हसून 'असू द्या' अशी मान हलवली.

"...पन मी म्हनलं, आपन मोठे हाओत. आपनच पुढं हून..."

"बंद करा!" देविदास ओरडला.

नेमसिंगांचं तोंड उघडंच राहिलं.

"मला बंद करा म्हंता?"

"तुम्हाला नाही मामा, ते... दोनशे चाळीस... मोटारी..." देविदास कोपऱ्याकडे धावला, पण त्याआधीच कुकरने शिट्ट्या देणं सोडून एकच लांब सूर धरला होता. शिट्टीत मसाला अडकला असावा. मग फटकन आवाज झाला, कुकरचा व्हॉल्व्ह उडाला, आणि रश्श्याची धार सरळ स्लॅबला जाऊन भिडली. तिथून ती बैठकभर उतरली. निम्मी साडीवर, निम्मी नेमसिंगांच्या धोतरावर, आणि जी उरली ती पांढऱ्या पडलेल्या कॉइलवर. कॉइलने ठिणग्यांचा फवारा सोडला. फाड! बाहेर डीपीवरून तसाच दुसरा आवाज आला, जणू उत्तर दिल्यासारखा. पंखा हळूहळू थांबला आणि त्याच्या तिन्ही पात्यांवरून रस्सा टपकू लागला.

देविदासने आधी भिंतीतली पिन उपसली, मग सगळ्यांकडे पाहिलं. कोणाला भाजलं नव्हतं. स्लॅबवर फक्त हळदीचा मोठा डाग पडला होता.

"आरारारा," फुलसिंग म्हणाले. "सिद्धेश्वर धरणाचं दार उघडल्यावानी झालं."

नेमसिंग उभे राहिले. सदऱ्याच्या खिशात अडकलेली मटणाची फोड त्यांनी शांतपणे काढून खाटेवर ठेवली.

"रूपा, चल," ते म्हणाले. "मंडपात बी हेच झालं, इथं बी हेच."

रीता बापाच्या वाटेत येऊन उभी राहिली. देविदासला आयुष्यात पहिल्यांदा विज्ञानाची लाज वाटली, पण त्याच्याने राहवेना.

"मामा, गणित चुकलं नव्हतं! एकशे चाळीस व्होल्टला कॉइल बराबर होती. बाबांनी मोटारी बंद केल्या, व्होल्टेज चढलं, त्याला मी काय करू?"

"म्या काय वाईट केलं का?" फुलसिंग चिडले. "व्याह्याला वारा लागावा म्हनून केलं!"

आणि तेव्हा रूपाबाई हसायला लागल्या. आधी पदरात, मग उघड, मग त्यांना खांबाला धरावं लागलं.

"याडी, काहून हसून राहिली?" रीता रडवेली झाली.

"हसू नको तं काय करू? ह्यांना इचार मंडपात काय झालं व्हतं ते!" त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "जावाईबापूनं दिवे मोजले, बराबर हाय म्हनले, आन् आंघोळीच्या मोरीकडं गेले. मागून तुझा बाप उठला. म्हने व्याह्यांना गार पान्यानं हातपाय धुवायला लावू काय? आन् पान्याचे दोन हीटर आनून त्याच वायरीला जोडले! मी म्हनलं, मास्तरला इचारा. तं म्हने, पाहुन्याच्या पान्याचं काय इचारायचं."

देविदास सासऱ्याकडे पाहत राहिला. त्याने चार वर्षांत ते गणित किती वेळा पुन्हा मांडलं होतं! दरवेळी ते बरोबर यायचं आणि दरवेळी त्याला वाटायचं की आपल्याला विज्ञान येत नाही.

"दोन हीटर?" तो म्हणाला. "म्हणजे तीन हजार वॅट?"

नेमसिंगांनी थांबलेल्या पंख्याकडे लक्ष लावलं. "तेच तं सांगायला बसलो व्हतो," ते पुटपुटले. "तुमीच बंद करा म्हनले."

फुलसिंग आधी हसले. मग देविदास. शेवटी नेमसिंगांच्याही मिशा हलल्या, आणि ते पुन्हा खाटेवर बसले, मटणाची फोड जरा बाजूला सरकवून. दारात सेवा येऊन उभा राहिला. त्याच्यामागे मोटारी बंद करून आलेला निम्मा तांडा होता.

"नाईक, पाहुन्यांना वारा लागला का?" सेवाने कौतुकाने विचारलं. मग त्याची नजर स्लॅबकडे गेली. "लागलेला दिसतो."

"जेवायला काय आता?" फुलसिंगांना एकदम आठवलं. "मटन तं छताला गेलं."

रीताने डोळे पुसले. "निम्मंच गेलं," ती म्हणाली. "निम्मं सेवाभाऊच्या चुलीवर हाय. भाकरीबराबर ठिवून आले व्हते." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी कॉइल अर्धी केली, मी मटन अर्धं केलं."

पंगत अंगणात, लिंबाच्या सावलीत बसली. नेमसिंग फुलसिंगांचं धोतर नेसून आले होते, जरा आखूड. लेकीने भाकरी वाढली, रस्सा वाढला. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला, आणि मग सकाळपासून भरून ठेवलेला तांब्या उचलून घटाघटा प्यायले. रीता वाढायचं सोडून बघतच उभी राहिली. मग तिने हातातली पळी पातेल्यात ठेवली आणि रिकामा तांब्या पुन्हा भरायला उचलला.

"जावाईबापू," बोटं चाटत नेमसिंग म्हणाले, "फाट्यावर पिठाची गिरनी टाकून राहिलो. मोटार केवढी, वायर केवढी, ते तुमी हिशोब करून सांगा. त्याच्यासाठीच आलो खरं म्हनलं तं."

देविदासने घास खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत चमक आली. पण या वेळी त्याने सासऱ्याला काहीच विचारलं नाही. तो सासूकडे वळला.

"मामी, गिरणीवर पाहुणे आले तर मामा आणखी काय काय जोडतील?"

"ते तुमाला मागून फोन करून सांगते," रूपाबाई म्हणाल्या.

वायरमनने डीपीचा फ्यूज बांधला तेव्हा जेवणं होत आली होती. शिवारात मोटारी पुन्हा सुरू झाल्या आणि घरातला पंखा दारातून दिसला, आळस देत, पाती मोजता येतील असा फिरताना. नेमसिंगांच्या कपाळावर घाम होता. फुलसिंगांनी ते पाहिलं, त्यांना राहवलं नाही, आणि ते कमरेचा मोबाइल काढत उठायला लागले.

"थांबा व्याही, मोटारी बंद करायला सांगतो."

नेमसिंगांनी खरकट्या हाताने त्यांचं धोतर धरून खाली बसवलं.

"बसा. हाय तेवढ्याच व्होल्टेजमधी बरं हाय," ते म्हणाले, आणि ताट लेकीपुढे सरकवलं. "वाढ गं."